कनिष्ठ श्रेणीतील एक वर्ष : जॅकी रॉबिन्सन याच्या पूर्वचरित्राचा पुनर्विचार

(१)

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचा सामाजिक इतिहास लिहिताना १५ एप्रिल १९४७ हा दिवस आरंभबिंदू मानण्याची प्रथा आहे. त्या दिवशी जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरला आणि साठांहून अधिक वर्षे श्रेष्ठ श्रेणीच्या बेसबॉलमध्ये पाळली गेलेली वर्णाची सीमारेषा पुसली गेली. या घटनेचे महत्त्व वादातीत आहे. परंतु आरंभबिंदू म्हणून तिची निवड केली की चरित्रनायकाची एक विशिष्ट प्रतिमा आपोआप तयार होते. अपमान मुकाट्याने गिळणारा, दुसऱ्या कोणीतरी निवडलेला व घडविलेला असा एक सोशिक पुरुष, ही ती प्रतिमा होय.

या प्रतिमेशी विसंगत असे दोन प्रसंग त्याच्या पूर्वचरित्रात आहेत. जुलै १९४४ मध्ये टेक्सास राज्यातील लष्करी छावणीच्या बसमध्ये मागच्या आसनावर जाण्यास त्याने नकार दिला व त्यापायी त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. पुढे दोन वर्षेही पुरी होण्यापूर्वी, १९४६ च्या वसंत ऋतूत, फ्लोरिडा राज्यात तशाच एका बसचालकाने तसाच हुकूम सोडला, तेव्हा तो आपल्या नवपरिणीत पत्नीसह निमूटपणे मागे जाऊन बसला. या दोन वर्तनांचा मेळ कसा घालावयाचा? पहिला प्रसंग तापट तारुण्याचा आणि दुसरा प्रसंग आलेल्या शहाणपणाचा, असे सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची तपासणी करावयाची असून, रॉबिन्सन याची सैनिकी सेवा आणि माँट्रियल येथील कनिष्ठ श्रेणीचे वर्ष ही एकाच भूमिकेची दोन रूपे आहेत, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

(२)

रॉबिन्सन याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावाजवळ झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील कुटुंब सोडून निघून गेल्यावर आई मॅली हिने १९२० मध्ये मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले. लोकांच्या घरी कामे करून तिने पेपर स्ट्रीट या रस्त्यावर घर घेतले. शेजारी गोरे होते आणि हे कुटुंब तेथे नकोसे आहे, हे त्यांनी लपविले नाही. पॅसाडेना हे दक्षिणेतील गाव नव्हे; तेथे वर्णभेदाच्या पाट्या पदोपदी लावलेल्या नव्हत्या. तथापि शहराच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना आठवड्यातून केवळ एक दिवस प्रवेश असे. वडील बंधू मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळविले. परत आल्यावर त्याच शहरात त्याला रस्ते झाडण्याचे काम पत्करावे लागले. कर्तृत्व आणि मान्यता यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचा हा धडा धाकट्या भावाला घरातच मिळाला.

पॅसाडेना ज्युनिअर कॉलेज व त्यानंतर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ येथे रॉबिन्सन फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे-उडी मारणे आणि बेसबॉल या चारही विभागांत विद्यापीठातर्फे खेळला. असा मान मिळविणारा त्या विद्यापीठाचा तो पहिला विद्यार्थी. यांत बेसबॉल हा त्याचा सर्वांत दुबळा खेळ होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९४० च्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .०९७, म्हणजे दहा संधींमागे एक यशस्वी फटकाही नाही, इतकी खाली होती. पदवी न घेताच १९४१ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले. कितीही शिकले तरी कृष्णवर्णीय तरुणाला त्याचा उपयोग नाही, अशी त्या वेळी त्याची समजूत झाली होती. त्या वर्षाच्या अखेरीस तो होनोलुलु येथे एका फुटबॉल संघाकडून खेळत होता. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दोनच दिवस आधी परतीच्या बोटीत बसला आणि १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीने सैन्यात दाखल झाला.

(३)

कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली येथे त्याने अधिकारी-प्रशिक्षणासाठी अर्ज केला. नियम पाहू गेल्यास त्या शाळेचे दार सर्व वर्णांना खुले होते. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांचे अर्ज पुढे सरकत नसत. त्याच छावणीत असलेला जगज्जेता मुष्टियोद्धा जो लुई याने आपल्या ओळखीतून हा प्रश्न वॉशिंग्टन येथील युद्धखात्यापर्यंत पोहोचविला आणि जानेवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाला.

अधिकारी झाल्यावरचा एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. सैनिकांच्या मनोधैर्याचे काम त्याच्याकडे होते. छावणीतील उपाहारगृहात कृष्णवर्णीय सैनिकांसाठी अगदी थोडी आसने राखलेली असत व बाकीची रिकामी असली तरी त्यांना ताटकळत उभे राहावे लागे. रॉबिन्सन याने संबंधित मेजरला दूरध्वनी केला. पलीकडील अधिकाऱ्यास बोलणारा माणूस गोरा आहे असेच वाटले. त्याने विश्वासाने विचारले की, तुमची पत्नी त्यांच्यापैकी एखाद्याशेजारी बसलेली तुम्हांला चालेल काय? आपण स्वतःच ‘त्यांच्यापैकी’ आहोत, हे रॉबिन्सन याने त्यास संतापाने सुनावले. आवाज, उच्चार आणि वाक्यरचना यांत वर्णाची कोणतीही खूण त्या मेजरला आढळली नाही. ती खूण केवळ डोळ्यांनी पाहावयाची होती. आसनांची संख्या वाढली, परंतु ती वेगळी ती वेगळीच राहिली.

त्याच छावणीच्या फुटबॉल संघातही त्याला असाच अनुभव आला. मिसुरी विद्यापीठाच्या संघाशी होणाऱ्या सामन्याच्या वेळी त्याला घरी जाण्याची रजा देण्यात आली. प्रतिपक्षाला कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळावयाचे नव्हते, हे त्यामागील कारण होते. त्यानंतर त्याने छावणीसाठी फुटबॉल खेळण्याचे साफ नाकारले.

(४)

१९४४ मध्ये त्याची बदली टेक्सासमधील कँप हूड येथे ७६१ व्या रणगाडा पलटणीत झाली. या पलटणीतील शिपाई कृष्णवर्णीय होते व तिची युरोपच्या रणांगणावर जाण्याची तयारी चालली होती. रॉबिन्सन याच्या घोट्याला विद्यार्थिदशेत झालेली दुखापत पुन्हा उद्भवल्यामुळे तो लष्करी रुग्णालयात उपचार घेत होता. ६ जुलै १९४४ च्या रात्री छावणीच्या बसमध्ये तो एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारी बसला. त्या बाई कृष्णवर्णीय असल्या तरी वर्णाने इतक्या उजळ होत्या की पाहणारास त्या गोऱ्या वाटाव्यात. चालकाने त्याला मागे जाण्यास सांगितले. लष्करी हद्दीतील बसमध्ये असे विभाजन चालणार नाही, असे सांगून रॉबिन्सन जागेवरच बसून राहिला. शेवटच्या थांब्यावर लष्करी पोलीस आले आणि त्याला पहाऱ्याच्या चौकीत नेण्यात आले.

पलटणीचा प्रमुख पॉल बेट्स याने खटल्याच्या आदेशावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. तेव्हा रॉबिन्सन याची ७५८ व्या पलटणीत बदली करण्यात आली आणि तेथील प्रमुखाने स्वाक्षरी केली. २ ऑगस्ट १९४४ रोजी नऊ अधिकाऱ्यांच्या न्यायालयापुढे काम चालले.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. ज्या घटनेमुळे हे सर्व घडले ती बसमधील घटना आरोपपत्रातून गळली होती. सुनावणी होऊन राहिली ती चौकीत वरिष्ठ कॅप्टनशी झालेल्या वर्तनाविषयी. त्या कॅप्टनचा अनादर केला व त्याचा कायदेशीर हुकूम मोडला, असे दोन आरोप उरले. अनादराचा तपशील पाहण्यासारखा आहे. रॉबिन्सन तुच्छतेने वाकला, त्याने ढिलेपणाने सलाम केले आणि ‘ओ. के. सर’ हे शब्द वारंवार उच्चारले, असे आरोपात म्हटले होते. म्हणजे शब्द आदराचे, कृती आदराची, आणि तरीही गुन्हा अनादराचा. उच्चारलेल्या शब्दांचा कोशगत अर्थ एक आणि स्वराघात व हावभाव यांतून निघणारा अर्थ दुसरा, हा भाषाशास्त्राला परिचित असलेला भेद येथे थेट दंडविधानाचा विषय झाला. ज्याला नकाराचे शब्द वापरण्याची मुभा नसते, तो होकाराच्या शब्दांतच नकार भरतो. आणि सत्ताधाऱ्यास तो ऐकूही येतो.

दुसरी गोष्ट साक्षीत आलेल्या एका शब्दाची. चौकीपाशी एका गोऱ्या शिपायाने आपल्यासाठी वर्णवाचक अपशब्द वापरला, असे रॉबिन्सन याचे म्हणणे होते. शिपायाने ते नाकारले. परंतु तो शब्द वापरला गेला होता, अशी साक्ष लष्करी पोलिसांपैकीच एकाने दिली. या शब्दाचा अर्थ काय, असे बचावपक्षाने विचारले असता रॉबिन्सन याने आपल्या आजीचा दाखला दिला. आजी पूर्वी गुलामगिरीत होती. तिने सांगितलेला अर्थ असा की, हा शब्द हलक्या व असंस्कृत माणसाला लागतो, मग तो कोणीही असो; आणि आपण तसे नाही. एका गुलाम स्त्रीने केलेली शब्दाची व्याख्या तिच्या नातवाने अधिकाऱ्याच्या गणवेशात न्यायालयाच्या दप्तरात नोंदविली, या घटनेचे मोल केवळ कायद्याच्या दृष्टीने करून भागणार नाही. वंशाला चिकटविलेला शब्द वर्तनाकडे वळविणे, ही ती व्याख्या होती.

न्यायालयाने त्याला दोन्ही आरोपांतून निर्दोष ठरविले. मात्र तोपर्यंत ७६१ वी पलटण त्याच्यावाचून पुढे निघाली होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये ती जनरल पॅटन याच्या तिसऱ्या सेनेतर्फे फ्रान्समध्ये लढाईत उतरली व १८३ दिवस आघाडीवर राहिली. त्याच नोव्हेंबरात रॉबिन्सन याला सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले. रणांगण त्याने पाहिले नाही. त्याची लढाई स्वतःच्या छावणीतच झाली.

(५)

पुढील वर्ष त्याने निग्रो लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र व्यवस्थेतील कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघात काढले. वेतन दरमहा ४०० डॉलर होते. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्सचा सूत्रधार ब्रांच रिकी याने त्याला आपल्या कार्यालयात बोलावले. सुमारे तीन तास चाललेल्या या भेटीत रिकी याने उद्धट हॉटेल-कारकून, शिवीगाळ करणारा प्रतिस्पर्धी अशा भूमिका स्वतः वठवून दाखविल्या आणि प्रतिकार न करण्याचे धैर्य आहे काय, असा प्रश्न केला. रॉबिन्सन याने पहिली काही वर्षे मौन पाळण्याचे कबूल केले. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी माँट्रियल रॉयल्स या संघाशी झालेला त्याचा करार जाहीर झाला.

मायनर लीग म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत श्रेष्ठ श्रेणीच्या दोन लीगांखाली अनेक पायऱ्यांचे व्यावसायिक संघ असतात. वरच्या संघाने खालच्या संघांशी मालकीचा वा कराराचा संबंध ठेवून तेथे खेळाडू तयार करावयाचे, ही पद्धत रिकी यानेच सेंट लुई येथे असताना १९२० नंतर रूढ केली होती. माँट्रियलचा संघ ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये होता ती यांतली सर्वांत वरची पायरी. त्याच लीगच्या संचालकांनी १८८७ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मान्य न करण्याचा निर्णय घेतला होता आणि १८८९ नंतर तेथे एकही कृष्णवर्णीय खेळला नव्हता. म्हणून सीमारेषा प्रथम पुसली गेली ती १९४७ मध्ये ब्रुकलिनला नव्हे, तर १९४६ मध्ये ती जेथे आखली गेली होती त्याच कनिष्ठ श्रेणीत, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

१० फेब्रुवारी १९४६ रोजी रॉबिन्सन याचा रेचेल इझम हिच्याशी विवाह झाला आणि लगेच दोघे सरावासाठी फ्लोरिडाकडे निघाली. वाटेत दोन ठिकाणी त्यांना विमानातून उतरविण्यात आले व उरलेला प्रवास बसने करावा लागला. तेथेच लेखारंभी उल्लेखिलेला दुसरा प्रसंग घडला. पुढे सॅनफर्ड गावातून त्याला निघून जावे लागले. जॅक्सनव्हिल येथे मैदानाला कुलूप लावण्यात आले. एका गावी तर दिवसा होणारा सामना दिवे बिघडल्याच्या सबबीवर रद्द करण्यात आला. डेटोना बीच येथे मात्र १७ मार्च रोजी त्याला डॉजर्सविरुद्ध सराव-सामना खेळू देण्यात आला.

(६)

१८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटी येथे हंगामाचा पहिला सामना झाला. पाच संधींत चार यशस्वी फटके, त्यांत तीन धावा मिळवून देणारा एक होम रन, दोन बेस चोरून घेतलेले आणि स्वतःच्या चार धावा, अशी रॉबिन्सन याची त्या दिवसाची कामगिरी होती. माँट्रियलने तो सामना १४–१ असा जिंकला. त्याच्या धावांपैकी दोन धावा विशेष बोलक्या आहेत. तिसऱ्या बेसवरून तो धावण्याची अशी हुलकावणी देत राहिला की चेंडू फेकणाऱ्याचे चित्त विचलित होऊन त्याच्याकडून नियमभंग घडला आणि रॉबिन्सनला धाव बहाल झाली. हे एकाच सामन्यात दोनदा घडले. तोंडाने बोलावयाचे नाही असा करार होता. परंतु प्रतिपक्षाला अस्वस्थ करण्यास त्या कराराने कोणतीच आडकाठी केली नव्हती. चौकीतील ‘ओ. के. सर’ आणि तिसऱ्या बेसवरील ही हुलकावणी यांची जात एकच आहे. नियमांच्या चौकटीत राहून, त्या चौकटीनेच सत्ताधाऱ्यास कोंडीत पकडणे, ही ती जात होय.

बाल्टिमोर येथील प्रेक्षकांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला. हंगामाच्या उत्तरार्धात मानसिक ताणामुळे वैद्यांनी त्याला विश्रांती घेण्यास सांगितले. त्याच्याबरोबर करार झालेला कृष्णवर्णीय गोलंदाज जॉन राइट याला मध्येच खालच्या श्रेणीत पाठविण्यात आले, ही गोष्ट विसरता कामा नये. मौनाची किंमत प्रत्येकाला परवडेलच असे नाही. रॉबिन्सन याने हंगाम .३४९ या सरासरीने पुरा केला. फलंदाजीत आणि ११३ धावांसह धावसंख्येत तो लीगमध्ये पहिला आला, तसेच त्याने ४० बेस चोरले. संघाने १०० सामने जिंकले.

माँट्रियल हे फ्रेंच भाषिकांचे शहर. रॉबिन्सन दांपत्य द गास्पे मार्गावरील एका घरात भाड्याने राहत होते. शेजारच्या स्त्रिया व रेचेल यांना एकमेकींची भाषा धडपणे येत नसे. तरी ती गर्भवती आहे हे समजल्यावर त्यांनी तिला आपली शिधापत्रिकेची कुपने आणून दिली. समान भाषा असूनही फोर्ट रायलीच्या मेजरशी संवाद तुटला होता. भाषा भिन्न असूनही येथे तो जुळला. भाषेच्या अभ्यासकांनी यातून नम्रतेचा बोध घ्यावा. संवादाचे अधिष्ठान व्याकरणाच्या आधी कोठेतरी असते.

हंगामाच्या शेवटी केंटकीतील लुईव्हिल येथे गेलेल्या रॉबिन्सनची तेथील प्रेक्षकांनी उघड हेटाळणी केली. मालिका माँट्रियलला परतल्यावर तेथील प्रेक्षकांनी लुईव्हिलच्या प्रत्येक खेळाडूची हुर्यो करून त्याची परतफेड केली. ४ ऑक्टोबर १९४६ रोजी रॉयल्स विजयी झाले. लोकांनी रॉबिन्सनला खांद्यावर घेतले आणि तो निघाल्यावर रस्त्यातून त्याच्यामागे धावत सुटले. सॅम मॉल्टिन या वार्ताहराने याविषयी लिहिताना नोंदविले की, कृष्णवर्णीयाच्या मागे जमाव धावला तो त्याला ठार मारण्यासाठी नव्हे, तर प्रेमापोटी, असे बहुधा प्रथमच घडले.

(७)

महाराष्ट्रातील वाचकांना या वृत्तांतात परकेपणा वाटू नये. सैनिकी नोकरी व खेळाचे मैदान या दोन्ही ठिकाणी योग्यता मोजता येते. म्हणून ज्यांना अन्यत्र मज्जाव असतो ते या दोन दारांवर प्रथम थाप देतात. पुण्यात पुढे आलेला थोर गोलंदाज पळवणकर बाळू हाही लष्करी नोकरीतील पित्याचा पुत्र होता. मैदानावर त्याच्या हातून चेंडू घेणाऱ्या सहकाऱ्यांना चहाच्या वेळी मात्र त्याची पंगत चालत नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही त्याला हिंदू संघाचे नेतृत्व मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा बंधू विठ्ठल याला मिळाले. रॉबिन्सन माँट्रियलमध्ये खेळत होता त्याच १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती यांतील साम्याचा निर्देश केला होता, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

(८)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९४४ चा नकार आणि १९४६ चे मौन यांत विसंगती दिसते ती मौनाला शरणागतीचा पर्याय मानल्यामुळे. कँप हूडमध्ये रॉबिन्सन हा सैन्याचा अधिकारी होता. नियम त्याच्या बाजूस होता आणि त्या नियमाचा उच्चार करणे हेच त्याचे शस्त्र होते. फ्लोरिडाच्या बसमध्ये कायदाच विरोधात होता. तेथे उच्चारलेला शब्द चालकाला लागला नसता, तो सबंध प्रयोगाला लागला असता. एके ठिकाणी बोलणे आणि दुसऱ्या ठिकाणी न बोलणे हे दोन्ही निर्णय, काय साधावयाचे आहे याच्या पूर्ण जाणिवेने घेतलेले आहेत. शिवाय हे मौन मुदतीचे होते. १९४९ पासून तो पंचांशी व प्रतिपक्षाशी मोकळेपणाने वाद घालू लागला, तेव्हा काल ज्याच्या संयमाची स्तुती केली त्याच्यावरच वृत्तपत्रे भांडखोरपणाचा ठपका ठेवू लागली. गप्प बसणारा रॉबिन्सन ज्यांना आवडला होता त्यांना रॉबिन्सन आवडला होता की त्याचे गप्प बसणे, याचा निकाल त्या वेळी लागला.

तेव्हा रिकी याने रॉबिन्सन याला धैर्य शिकविले, हे विधान दुरुस्त करून घेतले पाहिजे. रिकी याने त्याला संधी दिली, आणि ती लहान नव्हती. परंतु शब्द केव्हा खर्च करावयाचा व केव्हा राखून ठेवावयाचा, हे तो पेपर स्ट्रीटवर, फोर्ट रायलीच्या दूरध्वनीवर आणि कँप हूडच्या न्यायालयात शिकून आला होता. ज्याच्याजवळ बोलण्याचे सामर्थ्य सिद्ध झालेले असते, त्याच्याच मौनाला अर्थ प्राप्त होतो. १९४७ चा इतिहास या पूर्वपीठिकेसह वाचला, तरच तो एका माणसाच्या सोशिकपणाची कथा न राहता त्याच्या निर्णयांचा इतिहास होईल.